अर्धं तळं

एडुकोंडलू अण्णा,

तुला नमस्कार लिहायला हात उठत नाही.

तळ्यावर शेवाळाची हिरवी साय धरली की ती मारायला मोरचूदाची पोती होडीमागे बांधून ओढायची, पण अर्ध्याच तळ्यात. उरलेल्या अर्ध्यात माशांना पळायला जागा ठेवायची. कोल्लेरू सरोवराच्या काठी हे शेंबड्या पोरालाही कळतं. माझा नवरा मेहुण्याच्या नात्यानं तुला तेच सांगत होता, "बावा, आज अर्धंच करा. आभाळ भरलंय, पाण्यात हवा कमी पडेल."

तू म्हणालास, "घरजावयानं भात गिळावा, अक्कल शिकवू नये." आणि सगळं तळं निळं केलंस.

सकाळी मासे पोट वर करून तरंगत होते. मेलेल्या शेवाळाचं विष पाण्यात उतरलं होतं. ते पाणी गावच्या कालव्यात सोडायला तू बांध फोडलास. माझा नवरा भगदाडात आडवा उभा राहिला, तर वल्ह्यानं त्याचा जबडा फोडलास. दात मी चिखलातून वेचले. अजून त्याला पेजच पाजते. कालव्यावर प्यालेल्या म्हशी दुपारी पाय झाडून मेल्या.

लोक कोयते घेऊन आले होते. तू सासुरवाडीला लपलायस हे मी सांगितलं नाही. त्याला माया समजू नकोस. त्या पाण्याचा एक माठ मी भरून ठेवलाय. गावदेवीच्या जत्रेला तुला जेवायचं बोलावणं धाडते. कोळंबीचं कालवण करीन, आणि पहिला पेला तुझं नाक दाबून माझ्या हातानं पाजीन.

हे पत्र मात्र टाकत नाही. वाचलंस तर यायचा नाहीस.

तुझ्या पाठची,
मंगतायारु