आण्णांचा उजवा पाय

आण्णा,

आज पाटणला तुमी न सांगता माझ्या एसटीत चढला आन् पुढच्याच सीटवर बसला. ह्याच कोयनाकाठच्या जंगलातनं तीस वर्सं तुमी एसटी चालवली, आन् मला म्हणला, "बाईमाणसाचा रस्ता न्हाई ह्यो."

दुसऱ्याच्या गाडीत बसलं की तुमचा उजवा पाय तिथं नसलेला ब्रेक दाबत ऱ्हातो. आजबी दोन वळणं दाबला. मग झाडी दाट झाली, खाली नदी दिसाय लागली, आन् आरशात बघते तर तुमी घोरताय!

कोयनानगरला उठवलं, तर म्हणला, "नुसतं डोळं मिटलं हुतं." हे वाचूनबी तेच म्हणाल, म्हणून पत्र देत न्हाई. पर आण्णा, तुमी झोपल्यावरची समदी वळणं मी तुमची झोप मोडू न देता घेतली.

तुमची लेक,
ड्रायव्हर क्रांती