उरलेल्या गोळ्यांचा डबा

सोमवार, ४ ऑगस्ट २०२५

घरात आलेलं सामान — झाकणाची डबी एक, हातमोजे एक जोड, बर्फाची पिशवी एक. किंमत काही नाही, सोलापूरच्या दवाखान्यानं दिलं. सहा वर्षं अंग दुखतंय, मानेपासून टाचेपर्यंत. पहिल्यांदाच काही फुकट मिळालं. तेही शौचाचा नमुना द्यायला! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फायब्रोमायल्जिया आहे, तपासणीत न दिसणारं अंगभर दुखणं. अशा पेशंटच्या आतड्यातले जंतू वेगळे दिसतात. का, ते आम्ही शोधतोय."

ह्यांना सांगितलं. पेपरातून मान वर नाही. "रिपोर्ट सगळे चांगले आलेत ना? मग दुखतंय काय?"

मंगळवार, ५

लिंगपूजा उरकून तामलवाडीहून सोलापूरची आठची गाडी. गळ्यात लिंगदेव आणि मांडीवर ती डबी. शेजारची बाई म्हणाली, "लेकीकडं चाललाव व्हय? पिशवी लई जपायलाव. काय केलंय?"

"खवा," म्हटलं. शिव शिव.

दिवसभरात तेवढंच कुणी बोललं.

गुरुवार, ७

हात उचलेना. भाकरी वाकडी झाली. कुणी विचारलं नाही.

सोमवार, १८

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं म्हणून घरातल्या सगळ्या गोळ्या दाखवायला नेल्या. पोरांच्या, ह्यांच्या आजारपणात उरलेल्या कॅप्सुली मी डब्यात ठेवते, अंग फारच दुखलं की एक घेते. टाकायच्या कशाला? बाईंनी डबा उपडा करून एकेक पाकीट वाचलं.

"ही जंतू मारायची औषधं. पोटातले चांगले जंतूही मरतात. दुखणं यानंच आलं असं मी म्हणणार नाही. पण आजपासून बंद." मग म्हणाल्या, "घरात आणखी कुणाला असं दुखतं? कुणी घेतं यातलं?"

"नाही," मी म्हणाले.

खोटं बोलले.

मंगळवार, १९

सासूबाई. आठ वर्षांपूर्वी बेंबळीला धाकट्या दिराकडं गेल्या. इथं होत्या तेव्हा म्हणायच्या, "गायत्री, अंगाला पदर लागला तरी दुखतंय गं." मी चुलीपुढून म्हणाले होते, "आत्याबाई, काम आलं की बरं दुखतं तुमचं." दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवी भरली.

दर दिवाळीला त्यांना डब्यातल्या कॅप्सुलींची पुडी मीच पाठवते. काळजी म्हणून.

आज पूजेत चित्त लागलं नाही.

बुधवार, २०

फोनवर त्यांना ऐकू येत नाही, म्हणून कार्ड टाकलं. धाकटे दीर, विरुपाक्ष भावजी, वाचून दाखवतील. दाखवू देत.

"आत्याबाईंना गायत्रीचा शरणार्थी नमस्कार. पुडीतल्या गोळ्या घेऊ नका. तुमचं दुखणं खरं होतं, मला आता कळलं. अजून कुठं कुठं दुखतं, तेवढं उलट टपाली कळवा."