फ्लॉपीवरचं नाव

शिरपूर, जुलै १९९८

प्रिय गिरधर,

‘प्रिय’ सवयीने पडलं, आता खोडत नाही. तुझी नवी फ्लॉपी काल शाळेत आली आणि खरं सांगते, किळस आली. पुन्हा त्यावर माझंच नाव, ‘कुंदा’!

अरे, प्रोग्रॅम आहे कशाचा? अपूर्णांकांचा. भाकरीचे तुकडे पाडत पाव, अर्धा, पाऊण इतकं सुरेख शिकवतोस, की सातपुड्याच्या पाड्यांवरून वसतिगृहात आलेल्या माझ्या चौथीच्या पोरी एकमेकींना ढकलून कॉम्प्युटरपुढे बसतात. पण हे मला कळलं ते मी लावून पाहिली म्हणून. आमचे मुख्याध्यापक झुलाल सर पहिल्या खेपेला ती उलटसुलट करून म्हणाले, “हाई काय शे बाई, गाना शेतस का?” आणि गाण्यांची समजून कपाटात टाकली. बाकीच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या, कुंदाबाईंच्या नावाचं काय आलंय म्हणून. चाळीसगावला माझ्या मावसबहिणीच्या शाळेत तर वर्षभर पाकीटही फोडलं नव्हतं. तिथली पोरं अजून तिसऱ्या हिश्श्यापेक्षा चौथा मोठा म्हणतात, तीनपेक्षा चार मोठे म्हणून.

तुझ्या नानांनी केळीच्या ट्रकवर तुझ्या बहिणीचं नाव रंगवलं होतं, आठवतं? ट्रकला काहीही नाव द्या, तो ट्रकच दिसतो. या काळ्या चपट्या चौकोनाच्या पोटात काय आहे, ते नावानेच सांगायला नको? एवढा शिकलास, एवढी अक्कल नाही?

फुकट घ्या, हवं ते बदला, वाटा, असं तूच लिहिलं होतंस. मग मी बदललं. धुळ्याला कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या अभयकुमारकडून नाव करून घेतलं ‘अपूर्णांक शिका’. बस्स, एवढंच. आमच्या भागाबाई कॉम्प्युटरला हात लावायला घाबरायच्या, त्यांनी आपणहून मागून नेली. पाचोऱ्याहूनसुद्धा मागणी आली.

आणि आता तुझी ही नवी आवृत्ती. तालुक्याच्या शिक्षण कचेरीने जुन्या फ्लॉप्या परत मागवल्यात, त्यांच्या जागी हीच लावायची. वर तुझी चिठ्ठी, की बाकी काहीही बदला, नाव तेवढं राहू द्या, ते माझ्या काळजातलं आहे. शी!

काळजातलं म्हणे! पाचोऱ्याला तुमच्या ओट्यावर नानांनी तुला विचारलं होतं, कुणी मनात आहे का रे. मी शेजारच्या दारात उभी होते. तू मान खाली घालून नाही म्हणालास. बापासमोर माझं नाव घ्यायला जीभ उचलली नाही, आणि आता तेच शाळाशाळांतून वाटत सुटलास? मी रडगाणं गायला बसलेले नाही, माझा संसार बरा चाललाय. पत्र लिहिलं ते एवढ्यासाठीच, की माझं नाव काढ. मोठ्या अक्षरांत ‘अपूर्णांक शिका’ लिही आणि फ्लॉप्या पुन्हा पाठव. ज्या दिवशी ते नाव घ्यायला हवं होतं, तो दिवस गेला. आता ते फक्त पोरींच्या आड येतंय.

‘तुझीच’ लिहिणार नाही,
कुंदाबाई
वर्गशिक्षिका, इयत्ता चौथी