आईचा शेवटचा व्हॉइस मेसेज

दीप्ती,

भात लावलाय, आमटी तेवढी गरम करून घे. मी बोरीवलीला राजारामकडे चाललोय, आज तिकडेच राहीन. फोन करू नकोस.

तुझ्या लॅपटॉपला मीच हात लावला. मांजरावर ढकलणार होतो, पण आपल्याकडे मांजर नाही. रविवारी आईच्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाला तू तिचे मेसेज ऐकवणार ना? काही कानठळ्या बसवणारे, काही ऐकूच न येणारे. म्हणून तुझ्या त्या सगळ्या फाइलींचा आवाज एकसारखा करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अख्खा फोल्डर टाकला. झकास काम करतं! माझ्यासारख्या बहिऱ्यालाही शब्द न् शब्द कळला.

तिने हॉस्पिटलमधून तुला पाठवलेला शेवटचा मेसेजही त्यातच होता. वर्षभर मला त्यात नुसती खरखर ऐकू यायची आणि तू म्हणायचीस, "काही नाही बाबा, खोकतेय ती." आज ती शेजारी बसल्यासारखी बोलली: "दीपू, मी काही आता घरी येत नाही. यांना सांगू नकोस. रोज नवी थाप घेऊन येतात बिचारे, ऐकून घेते."

रविवारी तेवढा लावू नकोस. तुझ्यावर राग नाही गं. पण त्याच संध्याकाळी मी तिला सांगितलं होतं, डॉक्टर शुक्रवारी सोडतायत, सोसायटीवाल्यांनी बँडसुद्धा ठरवलाय. ती हसली आणि म्हणाली, "मग माझी निळी साडी घेऊन या."

दुसऱ्या दिवशी मी इस्त्री करून नेली होती.

बाबा