दोन उट्या

अहेरी,
ता. १२ मे १९५६

गुणवंतराव ठेकेदार यांस नूर मोहम्मद खलाशाचा सलाम.

तुमची चिठ्ठी भेटली. आधी तुमाले 'गुणवंतभाऊ' लिहीत होतो, आता हात वळत नाई. इथी ऊन मरणाचं पडून राह्यलं. आमची अम्मी खुशाल, वहिनी जरीना खुशाल. कय्यूमचं तुमाले ठाऊकच आहे.

तुमचा दुसरा बायलर त्याच उतारावर अडकला म्हणता. चौदा टनाचं धूड, खाली नाला, आन् जड माल उतरवणारा एकही खलाशी गाडी खाली सोडाले तयार नाई. नाल्याले पाणी आलं की आरा-मशीनचा ठेका गेला. आता आठवला नूर मोहम्मद! तुमचा ठेका बुडतो हे वाचून मले दोन घास जास्त गेले. खोटं काऊन बोलू?

मागच्या उन्हाळ्यात पहिला बायलर उतरवताना कय्यूम चाकाले उटी लावत होता. गाडी बोटभर सरकली की लाकडाची पाचर चाकापुढं सारायची, एवढंच त्याचं काम. मागून ताणलेला दोर तुटला आन् माझा भाऊ उटीसकट चाकाखाली गेला. पंचनाम्यात तुम्ही काय सांगितलं? "गडी पिऊन होता." अरे, ज्यानं जन्मात मोहाची दारू हुंगली नाई तो! अजून बाजारात बाया जरीनाले विचारतात, तुझा नवरा रोजच पेत होता का वं?

दोर आतून कुजला होता. आदल्या दिवशी मीच तुमाले पीळ उकलून दाखवला. तुम्ही म्हणाले, "बांध रे, काई होत नाई."

आन् मी बांधला.

सालभर हे जरीनाले सांगितलं नाई. तिच्या हातची भाकर खात होतो, मान खाली घालून. काल सांगितलं. तिनं तव्यावरची भाकर उलटली. मग म्हणाली, "भाईजान, आता तुमी दोघंबी जा त्या उतारावर."

म्हणून येतो. बायलर उतरवून देतो. पण आधी आठवडी बाजारात उभं राहून मोठ्यानं बोलायचं, की कय्यूम पेला नव्हता, दोर कुजका होता. मग उतारावर डाव्या चाकाले तुम्ही उटी लावायची, उजव्या चाकाले मी.

नवा दोर आणू नका. तुटलेला तोच मी जपून ठेवला आहे, गाठ मारून आणतो. काई होत नाई.

दोन उट्या तासून वाट पाहणारा,
नूर मोहम्मद