परातीपुढं तोंड उघडल्याची हकिकत

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
रविवार, संध्याकाळ

तीर्थस्वरूप कडूबामामा,

भाचा खंडेराव याचा दंडवत. दंडवत म्हणजे खरोखरच आडवा पडून लिहितोय, उठायची ताकद राहिली नाही. मामीचे गुडघे कसे आहेत? अजिंठ्याला थंडी पडली का? इकडं सगळे खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. फोन का केला नाही असं विचाराल. मामा, आजपासून तोंडानं काही बोलायचंच नाही, असं मी ठरवलंय. कारण पुढं येतंच.

तुमच्या शेजारच्या केरबांच्या अजिनाथचं स्थळ तुम्ही आमच्या दिपालीसाठी आणलंत, ते मला आणि सत्यशीलाला पसंत होतं. पण दिपालीनं अट घातली, की साडी नेसून पोह्यांची ताटली घेऊन ती समोर येणार नाही. (आधीची स्थळं तिनं पोह्यांसकट परत पाठवली, हे तुम्हाला ठाऊकच आहे.) म्हणाली, "पप्पा, दोन्ही घरं त्या नवीन सायन्स म्युझियममध्ये भेटू." आता म्युझियम म्हटलं की हात लावू नका, एवढंच मला माहीत. हे उलटं! जिथं बघावं तिथं 'हात लावा, ओढा, फिरवा, उड्या मारा' अशा पाट्या. ज्या माणसानं सगळी नोकरी कशालाही हात न लावता केली, त्याला हे कसं झेपावं?

तरी सुरुवात बरी झाली. सावलीच्या भिंतीपुढं केरबा उभे राहिले, लख्खकन उजेड झाला, ते बाजूला झाले आणि त्यांची फेट्यासकट सावली भिंतीवर तशीच चिकटून राहिली. सुगंधाबाई, म्हणजे पोराची आई, घाबरल्या. "अवं, सावली मागं टाकून जाऊ नका, बरं नसतंय ते," म्हणत ती पुसट होईस्तोवर त्यांनी नवऱ्याला जागचं हलू दिलं नाही. तोवर पोरं दोघं आरशांच्या भुलभुलैयात शिरली. बराच वेळ बाहेरच येईनात, आतून नुसतं हसणं ऐकू येत होतं. दिपालीला एवढं हसताना मी कधी ऐकलं नव्हतं, मामा. छातीवरचं ओझं उतरलं. आणि ओझं उतरलं की माणूस बसायला जागा शोधतो, तिथंच माझा घात झाला.

हॉलच्या टोकाला माणसाएवढी मोठी परात उभी केलेली आणि तिच्यापुढं बाक. मी आणि सत्यशीला टेकलो. (दुसऱ्या टोकाला, लांब, तशीच परात होती. एकीपुढं कुजबुजलं की दुसरीपुढच्या माणसाला कानात सांगितल्यागत ऐकू जातं. हे पाटीवर लिहिलेलं होतं. पाटी मी नंतर वाचली.) बायकोला हळूच म्हणालो, "पोरगं सोनं हाय. पण आई लई खडूस दिसती. नवऱ्याला सावलीपाशी बांधून ठेवणारी बाई सुनेला काय सोडणार?"

परातीतून आवाज आला, "सून आधी येऊ तर द्या."

मी सत्यशीलाकडं बघितलं. तिचं तोंड बंद होतं. मग समोर बघितलं. लांब, दुसऱ्या परातीपुढं सुगंधाबाई पाय दुखले म्हणून बसल्या होत्या, आणि एकटक माझ्याकडं बघत होत्या.

मी परातीत तोंडच घातलं. डोळे गच्च मिटून, "चुकलं, पाया पडतो, माझ्या जिभेपायी लेकीचं जमत आलेलं मोडू नका," असं काहीबाही बोलत सुटलो. थोड्या वेळानं उत्तर आलं, पण जाड्याभरड्या बाप्याच्या आवाजात : "अरे मियाँ, मेरे कू काय कू माफी मांगरे? जाने दो, माफ किया!" डोळे उघडले तर सुगंधाबाई केव्हाच उठून गेलेल्या. त्यांच्या जागी बसलेले कुणी भलतेच गृहस्थ मला प्रेमानं हात दाखवत होते. दिवसभरात मला माफ करणारा तेवढा एकच माणूस.

नंतर कॅन्टीनमध्ये चहा झाला. सुगंधाबाई कपाकडं बघत होत्या, सत्यशीला माझ्याकडं, मी छताकडं. पोरं तेवढी एकमेकांकडं. निघताना सुगंधाबाई "कळवू" एवढंच म्हणाल्या. घरी आल्यापासून दिपालीनं खोलीचं दार लावून घेतलंय. "पप्पा, बसायला दुसरी जागा नव्हती का?" एवढंच विचारलं आणि तिचे डोळे भरून आले. मामा, पोरीला पहिल्यांदा कुणीतरी आवडलं होतं. ते मी मोडलं. तिच्या दाराबाहेर दोनदा जाऊन उभा राहिलो, पण हाक मारायची हिंमत झाली नाही. तुम्ही केरबांच्या घरी जाऊन काहीतरी करा. भाचा वेडा आहे म्हणून सांगा, माझी हरकत नाही. (फक्त ते घराण्यात चालत आलेलं नाही, हेही सांगा.)

तुमचा, तोंड शिवून पडलेला,
खंडेराव

ता. क. : पाकीट चिकटवणार तेवढ्यात सत्यशीलाच्या मोबाइलवर सुगंधाबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "पोरगी पसंत हाय. अन् व्याही बी चालंल. बाकीचे पाठीमागं बोलत्यात, ह्यांनी निदान माझ्या कानात तरी सांगितलं." दिपाली बाहेर आली आणि पातेल्यातला सगळा भात तिनं एकटीनं संपवला. तेव्हा वरचं काही वाचलंच नाही असं समजा. केरबांकडं जायची गरज नाही. खरं तर काही दिवस जाऊच नका. शेजारी राहता हे मान्य, पण दार लावून घ्या.

दुसरा ता. क. : का जाऊ नका, ते लिहावंच लागणार. त्या परातीपुढं मी तुमच्याबद्दलही एक वाक्य बोललो होतो. सुगंधाबाई भेटल्या तर हसत हसत सांगतील. विश्वास ठेवू नका, मामा. ती परात बिघडलेली होती, तिथं धड काही ऐकू येत नाही. सुपारी फोडायला नक्की या. माझ्या वतीनं बोलायला कुणीतरी पाहिजेच, मला सत्यशीलानं लग्नापर्यंत बोलायची बंदी केली आहे.