गाडीनं ओळखलेली चावी

अश्वजित,

गाडीचा हॉर्न आपोआप काऊन वाजे, ते कळलं. "ताईनं पाइपानं धुतली म्हणून," असं तू गल्लीभर सांगत फिरला ना? मेकॅनिकनं डॅशबोर्डखाली पाहून मलेच विचारलं, "बाई, हे वायर कोणं कापले?" तू वायर कापून लावलेल्या निळ्या लाइटांच्या जोडानं हॉर्न, लाइट, लॉक सांभाळणारा अख्खा डबा जळाला. नवा बसवला. त्याले चाव्यांची ओळख करून द्यावी लागते. मेकॅनिक म्हणाला, "दोन्ही आणा." मी माझी एकच दिली. आता गाडी तेवढीच ओळखते.

गाडी घेऊन मी अहेरीले चालली. सावली गावाले मुलगी पाहाले तू एसटीनं जा. चावी मात्र बोटात फिरवत जा, शोभते तुले.

गल्लीत खरं सांगून ये, मग तुझ्या चावीचीही ओळख करून देईन.

ताई